शेळगावचा कागद कोठे शोधावा?

महाराष्ट्रातील जमीनमहसुलाचा इतिहास लिहू पाहणाऱ्या कोणत्याही अभ्यासकाला इंदापूर तालुका टाळून पुढे जाता येत नाही. पेशवाईचा अस्त झाल्यानंतर रॉबर्ट कीथ प्रिंगल ह्यांनी पुणे जिल्ह्यात जी मोजणी आणि आकारणी केली ती रयतेला न पेलून जेव्हा कोलमडली, तेव्हा गोल्डस्मिड ह्या मुलकी अधिकाऱ्याने १८३५ साली, आणि लवकरच त्याच्या जोडीस आलेल्या विंगेट ह्या लष्करी अभियंत्याने, जी नवी पद्धत घालून दिली, ती सर्वांआधी इंदापुरात घालून दिली. १८३६-३७ पासून तीस वर्षांच्या मुदतीने तेथील दर कायम झाले, आणि १८४७ च्या संयुक्त अहवालाने जिला पक्के रूप दिले त्या मुंबई इलाख्याच्या सर्व्हे पद्धतीचा ओनामा असा ह्या कोरडवाहू मुलखात गिरविला गेला. आज ह्या तालुक्यातील शेळगावच्या खातेदाराच्या सातबाऱ्यावर आकारणीच्या रकान्यात रुपये-पैशांचा जो लहानसा आकडा दिसतो, त्याची वंशावळ मागे मागे नेत गेल्यास ती त्या पहिल्या मोजणीच्या साखळीपर्यंत जाऊन पोहोचते.

तेव्हा शेळगावात राहून जमीन, पाटपाणी, वतने किंवा कर्जबाजारीपणा ह्यांपैकी एखाद्या विषयावर प्रबंध लिहू इच्छिणारा विद्यार्थी विषयाच्या कडेला बसलेला नाही, तो त्याच्या मध्यभागी बसलेला आहे. कागद मात्र त्याच्या गावी नाहीत. काही पुण्यास, काही मुंबईस, काही दिल्लीस, काही साता समुद्रांपलीकडे आहेत, आणि ह्या सर्वांपैकी एक लहानसा भाग गेल्या पंचवीस वर्षांत संगणकीय ग्रंथालयांच्या रूपाने त्याच्या हातातील मोबाइलवर येऊन ठेपला आहे. पूर्वी पुण्याची एक फेरी म्हणजे दिवस मोडणे असे. आता तो दिवस वाचला आहे, आणि ज्याला शोधाची रीत ठाऊक नाही त्याचे मात्र महिने वाया जाऊ लागले आहेत. प्रस्तुत लेखात ती रीत सांगण्याचा हेतू आहे.

पहिली आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही, की दफ्तरखान्यात विषय शोधू नये, कचेरी शोधावी. ग्रंथालयातील पुस्तके विषयवार लावलेली असतात, म्हणून तेथे 'सिंचन' किंवा 'कृषी अर्थशास्त्र' असे विचारले तर उत्तर मिळते. दफ्तर मात्र अभ्यासकाच्या सोयीसाठी कधीच निर्माण झालेले नसते. एखाद्या कारकुनाने आपल्या वरिष्ठाला हिशेब द्यावा, एखाद्या कमाविसदाराने वसुलाचा ताळेबंद हुजुरात रवाना करावा, एखाद्या मामलेदाराने पीकपाण्याची खबर कलेक्टरास कळवावी, ह्या नित्याच्या कामकाजातून ते साठत गेलेले असते, आणि ज्या क्रमाने ते काम चालले त्याच क्रमाने ते आजही बांधलेले असते. म्हणून शोधयंत्राच्या चौकटीत 'शेळगावचा इतिहास' असे लिहिण्यापूर्वी एका कोऱ्या कागदावर तीन प्रश्न लिहावेत: मला हवी असलेली गोष्ट त्या काळी कोणाच्या लेखणीखालून गेली असेल? त्याने ती कोणाकडे पाठविली असेल? आणि पाठविण्याचे कारण काय असेल? ह्या तीन प्रश्नांची उत्तरे अंदाजाने जरी देता आली तरी अर्धा शोध संपला असे समजावे.

उदाहरणादाखल उत्तर पेशवाईतील शेळगाव घ्या. परगणे इंदापूर ह्या मुलकी घटकातील एखाद्या मौज्याचे नाव त्या काळी जमाबंदीत, लावणी-संचणीच्या झाड्यात, कौलात, तगाईच्या याद्यांत, वतनाच्या तंट्यात झालेल्या महजरात आणि परगण्याच्या हिशेबात येणार. हे कागद पुण्याच्या पेशवे दफ्तरात, म्हणजे आजच्या पुणे पुरालेखागारात, मोडी लिपीत, रुमालांत बांधलेले आहेत, आणि त्यांची विभागणी रोजकीर्द, घडणी, चिटणिशी, प्रांत अजमास अशा दफ्तरी नावांनीच झालेली आहे. इंदापूर परगण्याच्या वसुलाचा माग काढणाऱ्याने अर्थातच प्रांत अजमासाकडे वळावे, कारण अजमास म्हणजे जमाखर्चाचा अंदाज, आणि परगण्याच्या उत्पन्नाचा अंदाज तेथेच बांधला जाई. मिचिहिरो ओगावा ह्या जपानी अभ्यासकाने पुणे विद्यापीठात इंदापूर परगण्यावरच डॉक्टरेटचा प्रबंध लिहिला आहे. क्योटो-टोकियोकडून आलेला माणूस मोडी शिकून आपल्या तालुक्याचे ताळेबंद वाचतो, तर तालुक्यातील विद्यार्थ्याने ते अशक्य मानण्याचे काही कारण नाही. असा प्रबंध वाचताना त्यातील निष्कर्षांइतकेच तळटिपांकडे लक्ष द्यावे. कोणत्या दफ्तरातील कोणत्या क्रमांकाचा रुमाल त्याने पाहिला, हे तळटीप सांगते, आणि तो क्रमांक हाती असला म्हणजे पुरालेखागारातील मागणीचिठ्ठीवर नेमके काय लिहावे हे कळते.

येथे एका गैरसमजाबद्दल सावध केले पाहिजे. गोविंद सखाराम सरदेसाई ह्यांनी १९३० ते १९३४ ह्या काळात पेशवे दफ्तरातून निवडलेल्या कागदांचे ४५ खंड संपादिले, आणि ते आज संगणकावर सहज उघडतात. गणेश चिमणाजी वाड ह्यांनी रोजकीर्दीतून काढलेल्या उताऱ्यांचे ९ भागही तसेच उपलब्ध आहेत. विद्यार्थी ह्या खंडांत आपल्या गावाचे नाव धुंडाळतो, ते मिळत नाही, आणि 'पेशवे दफ्तरात आमच्या गावाविषयी काही नाही' असा निर्णय देऊन मोकळा होतो. वास्तविक कोट्यवधी कागदांच्या राशीतून हे खंड वेचलेले आहेत. त्यांत, विशेषतः सरदेसायांच्या निवडीत, स्वाऱ्या, तह, राजकारण ह्यांना अग्रस्थान आहे, आणि एखाद्या मौज्याच्या बाजरी-जोंधळ्याच्या वसुलाला त्यात जागा मिळण्याचे प्रयोजनच नव्हते. जे छापले गेले ते निवडून छापले गेले, जे संगणकावर चढले ते त्या छापलेल्यातूनही निवडून चढले. संगणकावर न सापडणे म्हणजे अस्तित्वात नसणे नव्हे, हे ज्याने मनाशी पक्के केले नाही त्याने संशोधनाच्या वाटेस जाऊ नये, इतके मी ह्या बाबतीत आग्रहाने म्हणेन.

कंपनी सरकारच्या आणि नंतरच्या ब्रिटिश अमदानीचे चित्र पुष्कळ वेगळे आहे, कारण त्या राज्यकर्त्यांना अहवाल छापण्याची सवय होती. मुंबई सरकारच्या दफ्तरातील निवडक कागदांची जी मालिका 'सिलेक्शन्स' ह्या नावाने प्रसिद्ध होत असे, तीत तालुक्या-तालुक्यांच्या सर्व्हेचे आणि फेरआकारणीचे अहवाल आहेत. जमिनीची प्रत कशी ठरविली, कोणत्या गावांना कोणत्या वर्गात घातले, बाजारपेठ किती लांब होती, विहिरी किती होत्या, ह्याची गावनिहाय कोष्टके अशा अहवालांना जोडलेली असतात. इंदापूरची मुदत १८६६-६७ मध्ये संपल्यावर जी फेरआकारणी झाली तिच्याविषयीचा पत्रव्यवहार तर अवश्य वाचावा, कारण कापसाच्या तेजीच्या दिवसांतील भावांवर भिस्त ठेवून वाढविलेले दर मंदीत रयतेला कसे जड गेले, आणि १८७० साली स्थापन झालेल्या पुणे सार्वजनिक सभेने ह्या प्रश्नाचा पाठपुरावा का केला, ह्याचा उलगडा तेथून होतो. १२ मे १८७५ रोजी सुपे येथे सावकारांच्या विरुद्ध जो उठाव झाला तो ह्याच टापूतला. त्यावर नेमलेल्या आयोगाचा अहवाल आणि त्याच्या पुरवण्या आज कोणालाही घरबसल्या वाचता येतात. हे सर्व साहित्य शोधण्यासाठी प्रथम पुण्याच्या गोखले राज्यशास्त्र व अर्थशास्त्र संस्थेचे संगणकीय भांडार उघडावे. १९०५ साली स्थापन झालेल्या भारत सेवक समाजाच्या ग्रंथसंग्रहाचा वारसा ह्या संस्थेकडे आला असल्यामुळे जुने सरकारी अहवाल तेथे जितके सुस्थितीत आढळतात तितके अन्यत्र क्वचितच आढळतात. त्यानंतर इंटरनेट आर्काइव्ह पाहावे, आणि पुणे जिल्ह्याच्या गॅझेटियरचे १८८५ साली निघालेले अठराव्या खंडाचे तीनही भाग उतरवून घेऊन कायमचे जवळ ठेवावेत.

मात्र जुन्या दफ्तरात आजचा तालुका शोधू नये. सुपे आज बारामती तालुक्यात आहे, परंतु त्या वेळच्या कागदांत बारामती आणि सुपे दोन्ही भीमथडी तालुक्यात आढळतील. ज्याने 'बारामती तालुका' असाच शोध घेतला त्याच्या हाती एकोणिसाव्या शतकातील फारच थोडे लागेल. त्याचप्रमाणे नीरा डाव्या कालव्याचा अभ्यास करणाऱ्याने महसूल खात्यावर न थांबता सार्वजनिक बांधकाम खात्याच्या पाटबंधारे शाखेचे वार्षिक अहवाल मागवावेत. १८८५ च्या सुमारास ह्या कालव्याचे पाणी सुटले आणि पुढील अर्धशतकात बारामती-इंदापूरच्या रानांत ऊस उभा राहिला. त्या पालटाची आकडेवारी कालव्याचे पाणी मोजणाऱ्या कचेरीतच सापडणार. मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयाच्या इमारतीतील महाराष्ट्र राज्य पुराभिलेखागारात खातेवार दप्तरे आहेत, तर केंद्राकडे गेलेला पत्रव्यवहार राष्ट्रीय अभिलेखागाराच्या 'अभिलेख पटल' ह्या संकेतस्थळाच्या सूचीत पाहता येतो.

गावाच्या अगदी जवळचे कागद मात्र लोक सर्वांत शेवटी पाहतात, हे मला नेहमी खटकते. तलाठ्याकडील गाव नमुने, फेरफाराच्या नोंदवह्या, तालुक्याच्या भूमि अभिलेख कार्यालयातील टिपणे, फाळणी आणि आकारबंद, ही सामग्री सामाजिक इतिहासाच्या दृष्टीने अमोल आहे. जमीन कोणत्या साली कोणत्या कारणाने कोणाच्या नावावरून कोणाच्या नावावर गेली, वाटणी झाली की गहाणखत फिटले नाही, कूळकायद्याने मिळाली की खरेदीने, ह्याची साखळी दुसऱ्या कोणत्याही ग्रंथात मिळणार नाही. महसूल खात्याने जुन्या अभिलेखांची छायाचित्रे 'आपले अभिलेख' ह्या संकेतस्थळावर देण्यास आरंभ केला आहे आणि चालू सातबारा 'महाभूलेख' वर दिसतो. जे तेथे नाही त्यासाठी तालुक्याच्या कचेरीत नकलेचा रीतसर अर्ज करावा. अर्जात गावाचे नाव, गट किंवा जुना सर्व्हे नंबर आणि कोणत्या सालापासूनची नक्कल हवी हे तिन्ही लिहिले नसेल, तर अर्ज फायलीत पडून राहण्याचा संभव फार.

आता शोधाची शब्दरूपे. शेळगाव नावाची गावे महाराष्ट्रात अनेक आहेत: जळगाव जिल्ह्यात तापीवरील बंधाऱ्यामुळे प्रसिद्ध झालेले एक, बुलढाणा जिल्ह्यात शेळगाव आटोळ हे दुसरे, आणि आणखीही. म्हणून गावाच्या नावाबरोबर तालुका आणि शेजारच्या दोन गावांची नावे जोडूनच शोध घ्यावा; निमगाव केतकी, अंथुर्णे, लासुर्णे ही नावे जेथे सोबत येतात ते शेळगाव आपले, असे मानावयास हरकत नाही. जनगणनेत प्रत्येक गावाला दिलेला संकेतांक एकदाच शोधून टिपून ठेवला तर आधुनिक आकडेवारीत ही घालमेल उद्भवतच नाही. लेखनाच्या तऱ्हा तर ह्याहून अधिक चकवितात. १९६२ साली मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनविषयक नियम येण्यापूर्वी छापलेल्या पुस्तकांत 'शेळगांव' असे सानुस्वार लिहिलेले असण्याचीच शक्यता अधिक; मोडीत ऱ्हस्व-दीर्घ पाळले जात नाही आणि श-सचा भेदही लेखकाच्या मर्जीवर, म्हणून 'सेलगाव', 'सेळगाव' अशी रूपे गृहीत धरावीत; इंग्रजी अहवालांत इंदापुरातील 'पूर' दोन 'ओ' घालून, पुणे 'पूना' म्हणून, आणि गावनामांच्या अखेरीचा 'गाव' कधी 'गाम' तर कधी 'गॉम' असा उच्चार व्हावा अशा वर्णांनी लिहिलेला आढळतो. भारतीय डिजिटल ग्रंथालय ह्या जुन्या उपक्रमात उतरविलेली मराठी पुस्तके आज इंटरनेट आर्काइव्हवर आहेत, पण त्यांची नावे रोमन लिपीत अशा विचित्र रीतीने, दीर्घ आकारासाठी दोनदा 'ए' घालून आणि मध्येच अवतरणचिन्हे पेरून लिहिली आहेत, की पुस्तक समोर असूनही शोधयंत्राला ते दिसत नाही. अशा वेळी पुस्तकाच्या पूर्ण नावाऐवजी लेखकाचे आडनाव आणि प्रकाशनाचे साल ह्यांवर शोध घ्यावा.

ह्याच जातीची आणखी एक अडचण अलीकडच्या मराठी साहित्याची आहे. युनिकोड रूढ होण्यापूर्वी श्रीलिपीसारख्या टंकांत जुळविलेले लेख आणि प्रबंध डोळ्यांना स्वच्छ मराठी दिसतात, परंतु संगणकाच्या दृष्टीने ती निरर्थक अक्षरांची रांग असते, आणि त्यात 'कालवा' हा शब्द शोधला तर एकही उत्तर येत नाही. छापील पानांच्या छायाचित्रांवरून यंत्राने वाचून काढलेला मजकूरही जोडाक्षरांवर आणि फिकट शाईवर अडखळतो. म्हणून कोणत्याही महत्त्वाच्या ग्रंथात शोधयंत्रावर विसंबू नये. अनुक्रमणिका उघडावी, शेवटची सूची पाहावी, आणि संबंधित प्रकरण पानागणिक डोळ्यांखालून घालावे. ह्या जुन्या शिस्तीला पर्याय अद्याप निघालेला नाही.

तारखांचा विचार येथे थोडा विस्ताराने करणे भाग आहे, कारण मोडी कागद वाचणाऱ्या नव्या अभ्यासकाची सर्वांत मोठी फसगत तेथे होते. समजा, एका कागदावर 'सन इहिदे सबैन मया व अलफ' असे लिहिले आहे. हे अरबी संख्यावाचक शब्द आहेत: इहिदे म्हणजे एक, सबैन सत्तर, मया शंभर, अलफ हजार, बेरीज ११७१. हा शुहूर सन. त्यात ५९९ मिळविले की इसवी सन १७७० येतो. परंतु शुहूर सन मृगाच्या सुमारास, म्हणजे मेअखेर-जूनारंभी बदलत असल्यामुळे, त्याच सनातील जानेवारी ते मे ह्या महिन्यांतील कागदांसाठी ६०० मिळवावे लागतात आणि साल १७७१ होते. फसली सन असेल तर साधारणतः ५९० मिळवावेत. त्यापुढे 'छ' ह्या अक्षराने दाखविलेला चंद्र आणि जमादिलाखर, रजब, साबान असे महिन्याचे नाव दिलेले असते. त्यावरून नेमका इसवी दिनांक मोडकांच्या किंवा खऱ्यांच्या जंत्रीत पाहूनच काढावा, मनाने काढू नये. मूळ कागदावरील सन आणि तिथी जशीच्या तशी उतरून घ्यावी, आणि आपण काढलेली इसवी तारीख तिच्या शेजारी चौकटी कंसात लिहावी. एकदा मूळ तारीख गमावली आणि हिशेबातील चूक नंतर लक्षात आली, तर दुरुस्तीला आधारच उरत नाही. जुन्या शब्दांच्या अर्थासाठी मोल्सवर्थचा कोश आणि दाते-कर्वे ह्यांचा 'महाराष्ट्र शब्दकोश' शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येतात. मराठी विश्वकोशाचे सर्व खंडही आता तसेच खुले आहेत.

प्रबंध आणि नियतकालिके ह्यांविषयी थोडक्यात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमानंतर पीएच.डी.चे प्रबंध गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राच्या 'शोधगंगा' भांडारात जमा होऊ लागले; विषय ठरविण्यापूर्वीच ते चाळावे, म्हणजे झालेले काम पुन्हा होणार नाही. मराठीत लिहिलेल्या प्रबंधाची नोंद कधी देवनागरीत, कधी रोमनमध्ये असते, तेव्हा दोन्ही रीतींनी पाहावे. खरगपूरच्या आयआयटीने उभारलेले राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय आणि मुंबईच्या एशियाटिक सोसायटीचे 'ग्रंथ संजीवनी' हे संग्रह सर्वांना खुले आहेत. नियतकालिकांसाठी बारामतीच्या अथवा इंदापूरच्या आपल्या महाविद्यालयाच्या ग्रंथपालास भेटून 'एन-लिस्ट' ह्या संगणकीय नियतकालिकांच्या योजनेचा प्रवेश मागावा. केंद्र आणि राज्य शासनांच्या संस्थांसाठी १ जानेवारी २०२५ पासून 'एक राष्ट्र एक वर्गणी' ही योजना सुरू झाली असून तीत सुमारे १३ हजार नियतकालिके येतात, तेव्हा आपली संस्था त्यात बसते की नाही हेही त्यांनाच विचारावे. मान्यताप्राप्त नियतकालिकांची आयोगाची 'केअर' यादी २०२५ च्या फेब्रुवारीत बंद झाली आहे. पैसे घेऊन आठ दिवसांत लेख छापून देणाऱ्यांपासून दूर राहण्याची जबाबदारी आता सर्वस्वी अभ्यासकावर आहे.

सामग्री हाती आल्यावर तिची व्यवस्था कशी ठेवावी, ह्या प्रश्नाकडे विद्यार्थी जेवढे दुर्लक्ष करतात तेवढे अन्य कशाकडे करीत नसतील. मोबाइलमध्ये शेकडो छायाचित्रे, कोणते कोठले ह्याचा पत्ता नाही, आणि प्रकरण लिहावयास बसल्यावर ऐन वेळी रुमालाचा क्रमांक आठवत नाही, ही अवस्था फार सार्वत्रिक आहे. ठावठिकाणा नसलेला कागद कोंडवाड्यात कोंडलेल्या जनावरासारखा असतो. तो कितीही मोलाचा असला तरी धनी सांगता येत नाही तोवर त्याचा उपयोग नाही. म्हणून नियम असा करावा की कोणत्याही कागदाचे छायाचित्र घेण्याआधी त्याच्या ठावठिकाण्याच्या चिठ्ठीचे छायाचित्र घ्यावयाचे. चिठ्ठीवर संस्था, दफ्तर, रुमाल अथवा फाइल क्रमांक, कागदाचा क्रमांक, मूळ तारीख, आणि आपण पाहिल्याचा दिवस, एवढे असावे. घरी आल्यावर त्याच दिवशी छायाचित्रांना नावे द्यावीत; नावाच्या आरंभी साल, मग संस्थेचे संक्षिप्त रूप, मग रुमाल, मग कागद, असा क्रम एकदा ठरवून तो मोडू नये, म्हणजे संगणक आपोआप कालानुक्रमे मांडणी करतो. संगणकावर पाहिलेल्या पुस्तकाची नोंद करताना केवळ दुवा उतरून ठेवणे पुरेसे नाही, कारण संकेतस्थळे हलतात आणि बंदही पडतात. ग्रंथाचे नाव, आवृत्ती, प्रकाशनस्थळ, साल आणि पृष्ठ हे छापील पानावरून घ्यावे व दुवा त्याला पुरवणी म्हणून जोडावा.

हे सर्व हाताने वहीत ठेवता येते, आणि ज्याला तशी सवय आहे त्याने ती सोडू नये. परंतु संदर्भांची संख्या शेकड्यावर जाणार असेल तर 'झोटेरो' ही विनामूल्य प्रणाली संगणकावर बसवून घ्यावी. ती देवनागरी नोंदी घेते, प्रत्येक नोंदीला आपले टिपण आणि फाइल जोडू देते, आणि प्रबंधाच्या शेवटची संदर्भसूची हव्या त्या पद्धतीने तयार करून देते. प्रणालीने आपणहून भरलेली माहिती मात्र प्रत्येक वेळी तपासावी, कारण मराठी लेखकांची नावे आणि आडनावे ती हटकून उलटसुलट करते. टिपणात तीन गोष्टी वेगवेगळ्या खुणांनी लिहाव्यात: मूळ कागदातील शब्दशः उतारा, आपण केलेला सारांश आणि आपला स्वतःचा तर्क. हा भेद सहा महिन्यांनी स्मरणात राहत नाही, आणि वाङ्मयचौर्याचे बहुतेक आरोप दुष्ट हेतूपेक्षा अशा गबाळ्या टिपणांतूनच उद्भवतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे प्रबंधातील साम्य दहा टक्क्यांपलीकडे गेले की श्रेणीवार कारवाई आहे, हे ध्यानात ठेवावे. सर्व सामग्रीच्या तीन प्रती असाव्यात: एक संगणकावर, एक वेगळ्या डिस्कवर, आणि एक गावाबाहेर, नातलगाकडे किंवा इंटरनेटवरील साठ्यात.

प्रश्न विचारताच उत्तर लिहून देणाऱ्या नव्या यंत्रांचा मोह आज प्रत्येकाला आहे. शब्दाचा अर्थ, इंग्रजी उताऱ्याचा आशय, शोधासाठी पर्यायी शब्द, एवढ्यापुरते त्यांचे साहाय्य घेण्यास माझी हरकत नाही. परंतु ही यंत्रे अस्तित्वात नसलेला ग्रंथ, न लिहिलेला लेख आणि न बांधलेला रुमाल सारख्याच खात्रीने सांगतात. म्हणून त्यांनी दिलेला कोणताही संदर्भ आपण स्वतः उघडून पान पाहिल्याशिवाय प्रबंधात येता कामा नये.

कायद्याविषयी इतकेच, की भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांपर्यंत स्वामित्वहक्क टिकतो आणि सरकारी प्रकाशनाच्या बाबतीत प्रकाशनापासून साठ वर्षे; ही मुदत न संपलेले ग्रंथ अभ्यासासाठी वाचणे वेगळे आणि संपूर्ण उतरवून इतरांना वाटणे वेगळे. फेरफाराच्या नोंदींत हयात माणसांची नावे, कर्जे आणि भाऊबंदकी उघडी असते. ती प्रबंधात घालताना नावे झाकावीत.

शेवटी, जे कागद अजून कोणत्याच दफ्तरात गेले नाहीत त्यांच्याविषयी. शेळगावात, शेजारच्या वाड्या-वस्त्यांवर आणि एकंदर ह्या टापूत ज्यांच्या पूर्वजांकडे पाटीलकी, कुलकर्ण किंवा अन्य वतन होते अशी घराणी आहेत. त्यांच्यापैकी कोणाच्या माळ्यावर, कोणाच्या देवघराच्या फडताळात मोडी कागदांची गाठोडी निघतात. ज्यांच्या घरी ती असतील त्यांना माझी विनंती अशी, की कागद उन्हात घालू नयेत, फाटल्या ठिकाणी चिकटपट्टी लावू नये, प्लॅस्टिकमध्ये मढवून घेऊ नयेत आणि दोरीने आवळू नयेत. स्वच्छ, कोरड्या सुती फडक्यात सैल बांधावेत. मग सावलीच्या उजेडात, शेजारी मोजपट्टी ठेवून, प्रत्येक कागदाच्या दोन्ही बाजूंचे छायाचित्र घ्यावे, पेन्सिलीने क्रमांक टाकावा आणि गाठोड्यात ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने त्यांची यादी करावी. मोडी वाचता येत नसले तरी हे काम अडत नाही. मूळ कागद आपल्याकडेच ठेवावेत किंवा पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या संस्थेस रीतसर पावती घेऊन द्यावेत, हा निर्णय घराण्याचा. यादीची एक प्रत मात्र गावच्या वाचनालयात ठेवावी, आणि येत्या पावसाळ्यापूर्वी ठेवावी.